करवंदीतली वाट

कुंदास,

तू बाजारातून येशील तेव्हा मी घरी नसेन. घाबरू नकोस, कुंपणापलीकडे अण्णाकडे असेन.

चार वर्षांपूर्वी विहिरीवरून भांडण झालं, तेव्हा सख्ख्या भावाचं तोंड दिसू नये म्हणून मी मुलुंडच्या डोंगरावरून रोपं आणून ही करवंदीची जाळी लावली. पाणी नको, खत नको. वैर जोपासायला इतकं सोयीचं झाड दुसरं नाही. पण ऊन पलीकडे, म्हणून यंदा करवंदंही सगळी पलीकडेच धरली. आज सकाळी अण्णा ओरडला, "नंदू, तुझा माल घेऊन जा, नाहीतर मी लोणचं घालीन!" चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "घाल, मोहरी मी देतो."

असं म्हणून पलीकडे गेलो, आणि मोहरी न्यायला आत्ता घरी आलो आहे. डबा सापडायला अर्धा तास लागला.

जाताना विहिरीमागे जाळीत एक वाट दिसली, चांगली मळलेली. काट्याला तुझ्या हिरव्या लुगड्याचा धागा होता. मालनवहिनी करवंदं धूत होत्या ते पातेलंही आपलंच, काठावर तुझं नाव कोरलेलं. मला पाहून वहिनी मान खाली घालून देठं काढत राहिल्या.

जेवायला तिकडेच ये. रस्त्याने वळसा घालून यायचं नाटक आता नको. वाट तुझ्या पायाखालचीच आहे. माझ्या अंगाच्या मानाने मी ती फक्त जरा रुंद करून घेतली आहे.

नंदकुमार