राक्षसाचा डावा पाय

प्रिय बाबा,

खोकं आधी उघडलंत आणि पत्र नंतर हाती लागलं, असं झालं असेल तर रागावू नका. तळाशी सुकवलेले शिंपले आहेत, ते तुम्हाला आणि इसोबेकाकांना. वर रचलेली पुस्तकं मात्र तुमची एकट्याची. मांगा आहे, चित्रांतून सांगितलेल्या गोष्टी. हो, तीच ती, पोराटोरांची, भुताखेतांची, हाणामारीची. चुलीत घालण्याआधी हे पत्र तेवढं वाचा. मी एका जागी बसून लिहिणाऱ्यातला नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज ओखोत्स्कच्या समुद्रावर वारा सुटलाय, बोटी बंदरातच बांधून आहेत, म्हणून आमच्या बोटीच्या तांडेलाच्या बायकोने, कियोकोकाकूंनी, स्वयंपाकघरातलं टेबल मला मोकळं करून दिलंय. "लिही हवं तेवढं, पण पाय हलवू नकोस, माझं मिसोचं सार डुचमळतं," एवढीच त्यांची अट.

माझं बरं चाललंय. ओसाकाचं गॅरेज सोडलं, रस्त्याचं काम सोडलं, हॉटेलातली भांडी सोडली, पण या बोटीवर टिकलो. पहाटे जाळं ओढायचं, शिंपले निवडायचे, परत येऊन गरम पाण्यात हात बुडवून बसायचं. हात आता तुमच्यासारखे झालेत, अळंबी उगवायचे ओंडके उचलून तुमचे झाले तसे. तांडेल म्हणतात, "हा पोरगा कधी पळेल सांगता येत नाही, याच्या बुटांना खिळे ठोका." पण मी पळालो नाही, आणि त्याचं निम्मं कारण या पुस्तकांमध्ये आहे.

झालं असं की बोटीवर मांगाचं एक साप्ताहिक येतं. बंदरातल्या एकुलत्या दुकानात ते तोक्योपेक्षा दोन दिवस उशिरा पोचतं, आणि पहिलं वाचायचा मान गोन्झोदादाचा. गोन्झोदादा तुमच्यापेक्षा मोठा आहे, वरचे दात नाहीत, पण मांगा वाचताना चेहरा असा करतो की आम्हाला चित्रं न बघताच कळतं कोण मेलं. एकदा त्याने ओल्या हातांनीच ते माझ्याकडे फेकलं. म्हणाला, "ए तेप्पेई, हे बघ, यातली माणसं तुझ्यासारखी वाकडी बोलतात." बघतो तर खरंच, आपल्या इवामी भागाची बोली. गोष्टीचं नाव 'कागदी चेहरा'. मी शाळा कधी सोडली ते तुम्ही जाणताच, अवघड अक्षरं मला अजून अडतात. पण या मांगामध्ये प्रत्येक अवघड अक्षराशेजारी बारीक सोपी अक्षरं छापतात, लहान मुलांसाठी. लहान मुलांसाठी आणि माझ्यासाठी. अडखळत वाचायला लागलो तो दुपारचं जेवण थंड झालं.

गोष्ट सांगतो, कारण तुम्ही स्वतःहून पहिलं पान उलटणार नाही. हिबारी नावाची मुलगी आहे. तिच्या डोंगरातल्या खोऱ्यात, जो कुणी मनात राग ठेवून मरतो त्याच्या रागाला अंग फुटतं, हातपाय फुटतात, आणि तो जिवंत माणसांवर उठतो. त्याच्याशी लढायचं तर कागदाचा मुखवटा चढवायचा. मुखवटा चढला की त्यातला राक्षस तुमच्या अंगात येतो आणि तुम्हाला डोंगर हलवायची ताकद मिळते. पण फुकट नाही. प्रत्येक लढाईनंतर हिबारी स्वतःचं काहीतरी विसरते. आधी शाळेचं गाणं विसरली, मग घरामागच्या पर्सिमनच्या फळाची चव, मग आईचा आवाज. त्यामुळे ती मुखवट्याकडे हात नेते तेव्हा आपणच पुस्तक मिटायला जातो. आता हिचं काय जाणार? तुम्ही म्हणायचात, मांगामध्ये काय, हिरो ओरडतो आणि जिंकतो. इथे ओरडून काही मिळत नाही. पहिल्या पुस्तकात जो नियम सांगितला तो अजून कुठेही मोडलेला नाही. जिथे वाटतं की आता लेखकाने फसवलं, तिथे चार पानं मागे जाऊन बघावं, सगळं आधीच समोर ठेवलेलं असतं.

आणि शत्रू, बाबा. एकही नुसता वाईट नाही. बुडालेला नावाडी आहे, त्याला कुणी शोधायला गेलं नाही. रेशीम विणणारी म्हातारी आहे, तिचा माग जावयाने विकला. हिबारी त्यांना हरवते, पण शेवटचा घाव घालण्याआधी गुडघे टेकून नमस्कार करते. सुरुवातीला आमच्या बोटीवर सगळे हसले. "मारायचं तर मार की, पाया कसल्या पडतेस," असं गोन्झोदादा कागदालाच सांगायचा. मी हसलो नाही. आपल्या कुरोताकी गावच्या उत्सवातल्या नाचात देव राक्षसाला मारण्याआधी वाकतो, ते तुम्ही मला चालता येण्याआधी दाखवलं होतं. शेजारच्या गावांत तसं वाकत नाहीत. आपल्याकडेच वाकतात.

तिचा एक गुरू आहे, दोन्झो. चिडका म्हातारा. खारवलेलं आंबट प्लम खातो आणि बी दातांनी फोडतो. कौतुक म्हणून करत नाही. हिबारीने नदी उलटी वाहवली तर म्हणतो, "हं. आवाज फार झाला. जमीन ऐकत असते." हे वाक्य वाचलं तेव्हा मी तांडेलांच्या बोटीवर होतो तरी ताठ उभा राहिलो. हा दोन्झो कुणासारखा आहे ते मी सांगत नाही. तुम्ही प्लम खात खातच वाचत असाल.

गेल्या वर्षी ही गोष्ट बंद पडणार होती. त्या साप्ताहिकाची रीत कडक आहे. प्रत्येक अंकात एक पोस्टकार्ड असतं, वाचकांनी आवडत्या तीन गोष्टींची नावं लिहून पाठवायची. जी गोष्ट तळाला राहते तिला काही आठवड्यांत गुंडाळायला सांगतात, मग ती कुठेही पोचलेली असो. 'कागदी चेहरा' तळाला होती. कळल्यावर बोटीवर सुतक आल्यासारखं झालं. गोन्झोदादाने दुकानातले सगळे अंक उचलले. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "मासे गुंडाळायला एवढे लागतात होय रे?" संध्याकाळी सगळे कार्डं भरायला बसलो. वय लिहायच्या जागी गोन्झोदादाने 'आठ' लिहिलं. तांडेल म्हणाले, "निदान दाढी तरी कर." तर हा शांतपणे म्हणतो, "पोरांच्या मताला वजन असतं, म्हाताऱ्याचं कोण ऐकतं?" कियोकोकाकूंनी तर खाली शिंपल्याची पाककृतीही लिहून दिली. आणि मग कळलं की इथून गेलेली कार्डं पोचेपर्यंत मोजणी उरकलेली असते. उत्तरेकडच्या बंदरांचं मत कधी मोजलंच जात नाही. एवढी धावपळ फुकट.

पण पुढच्याच अंकात ती लढाई आली. अंकातले भाग जमले की त्यांचं पुस्तक निघतं, त्यातल्या तिसऱ्या पुस्तकाचा शेवट, पान मी दुमडून ठेवलंय. हिबारीची सगळी ताकद संपलेली असते, आणि समोर असा राग उभा असतो की त्याच्यापुढे कुठलाच घाव चालत नाही. तेव्हा ती लढायचं थांबवते आणि नाचायला लागते. राक्षसाचा नाच. किती तरी पानं एक शब्द नाही, बाबा. नुसते पाय, बाह्या, केस, ढोलाच्या काठ्या. शेवटचं चित्र दोन पानांवर पसरलेलं, ती वळताना डावा पाय जमिनीवरून ओढत आणते आणि सगळा डोंगर तिच्याबरोबर वळतो.  गोन्झोदादाने अंक मिटला, टोपी काढली, परत घातली. पुढच्या मोजणीत 'कागदी चेहरा' तळातून थेट पहिल्या जागेवर. आमची कार्डं नाही कामाला आली. पानं कामाला आली. तेव्हापासून ती तिथून हललेली नाही, आणि आता तोक्योत पुस्तक यायच्या सकाळी दुकानाबाहेर रांग लागते.

त्या डाव्या पायाबद्दल बोलायचं आहे. उन्हाळ्यात इसोबेकाकांचा फोन आला होता. म्हणाले, कुरोताकीच्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत राक्षस होतात. व्हरांड्यात धाडधाड पाय आपटतात, हेडमास्तर वैतागलेत. मग ती सगळी टोळी काकांकडे, नाचाच्या तालमीच्या घरी आली आणि म्हणाली, आम्हाला शिकवा. काकांनी तुम्हाला बोलावलं, तुम्ही म्हणालात, "दाखवा काय येतं ते." पोरं नाचली. आणि वळताना एकूणएक पोराने डावा पाय ओढला. काका हसून हसून सांगत होते, "अरे, मी म्हटलं, ती पायरी नाही रे बाळांनो, ओंडका पडून या आपल्या साकुझोचा गुडघा गेला तेव्हापासून तो तसा ओढतो. तर एक चिमुरडी मलाच सांगते, नाही आजोबा, पुस्तकात तसंच आहे, राक्षस तसाच चालतो." पुढे काकांचा आवाज खाली आला. म्हणाले, तुझा बाप, साकुझो, ते ऐकून उठला. आत गेला आणि मुखवट्याची पेटी पुसत बसला.

तेव्हाच तुम्हाला कळलं असणार. तो पाय बघून तसाच कागदावर उतरवेल असं माणूस सगळ्या जपानात एकच आहे. लेखकाच्या जागी पुरुषाचं नाव छापलंय, आडनाव मात्र आईच्या माहेरचं आहे. ही पुस्तकं तुमच्या लेकीने, मिसाओताईने काढलीत, बाबा. ज्या हातांनी आई गेल्यावर राक्षसाच्या जरीच्या बाह्या शिवल्या, त्याच हातांनी. गुडघा गेल्यावर तुम्ही राक्षसाचा मुखवटा माझ्यापुढे धरलात. मला नको होता, माझे पाय तेव्हाच बस-स्टँडकडे होते. तिला हवा होता, आणि तिला तुम्ही म्हणालात, "बाईच्या डोक्याला राक्षस बांधत नाहीत." ती थंडीत निघून गेली ती परत आली नाही, आणि तुम्हीही बोलावलं नाहीत. मला वाटायचं तिने गाव टाकलं. पुस्तकं वाचल्यावर कळलं की ती गाव बरोबरच घेऊन गेली. तुम्ही म्हणता हा देवाच्या गोष्टींचा पोरखेळ आहे. मग सांगा, तुम्ही काय करता? मातीच्या साच्यावर कागदाचा थर, त्यावर पर्सिमनचा चीक, परत कागद, आणि सुकलं की साचा फोडायचा. आत पोकळ, बाहेर राक्षस. तुमचाही राक्षस कागदाचा, तिचाही कागदाचा. तुमचा वर्षातून एकदा खोऱ्यातली माणसं बघतात. तिचा रस्त्यावरचं कुठलंही पोर खिशातल्या पैशात घरी नेतं आणि डोक्यावर पांघरूण घेऊन वाचतं. मी बोटीवर टिकलो तो हिबारीमुळे. ती प्रत्येक लढाईत काहीतरी गमावते आणि तरी तिथेच उभी राहते, हे वाचून मला पळायची लाज वाटायला लागली.

आता हे सगळं लिहायचं कारण. पुढच्या महिन्यात आपला उत्सव. तुमचा गुडघा गेल्यापासून राक्षस पेटीबाहेर आला नाही, देव एकटाच हवेत तलवार फिरवतो. इकडे ताईची गोष्ट शेवटच्या लढाईपाशी येऊन थांबली आहे. हिबारी रंगमंचामागे पाठमोरी बसली आहे, मुखवटा तोंडावर धरलाय, दोऱ्यांची टोकं मोकळी लोंबताहेत आणि मागे दोन्झो उभा आहे. आपल्याकडे मुखवट्याची दोरी स्वतः बांधायची नसते, आधी ज्याने तो नाचवला त्याने बांधायची, हे तिने पहिल्याच पुस्तकात लिहून ठेवलंय आणि ती स्वतःचा नियम मोडणार नाही. साप्ताहिकवाले थांबलेत, अख्खा देश थांबलाय. मी ताईला फोनवर म्हटलं, काढ की दोन्झोचे हात. तर म्हणाली, "तेप्पेई, मी न बघितलेलं काढत नाही." म्हणून मी इसोबेकाकांशी बोललो आणि त्यांनी राक्षसाच्या जागी मिसाओचं नाव लावलंय. ती उत्सवाच्या सकाळच्या बसने येते आहे. तिला एवढंच माहीत आहे की काकांनी बोलावलं. ढोल मी वाजवणार. सगळा उन्हाळा शिंपल्यांची रिकामी पेटी वाजवून तयारी केली आहे, तांडेल म्हणतात आता घाईने जाच, नाहीतर पेटीचे पैसे कापीन. मागच्या ओळीत शाळेची सगळी टोळी नाचेल, डावा पाय ओढत. त्यांना दुरुस्त करू नका. तुम्ही काही बोलायचं नाही, माफी नको, कौतुक नको, तुम्हाला ते जमणारही नाही. तोवर ही पुस्तकं वाचून काढा. आणि ती पाठमोरी बसली की मागे उभे राहा आणि दोरी बांधा. डावं टोक आधी, गाठ दुहेरी, घट्ट. पुढचं ती बघून घेईल.

तुमचाच, या वेळी परतीचं तिकीट न काढलेला,
तेप्पेई