काचेतल्या मुलीची ओटी

हैदराबाद,
रविवार, १३ मार्च १९३८

तीर्थस्वरूप तातेरावमामांस नर्मदाचा साष्टांग नमस्कार. तुम्हाला लांबण आवडत नाही, म्हणून हकीकत आधी क्रमवार देते.

१. मंगळवारी मी आणि आई हिंगोलीहून निघालो. पूर्णेला गाडी बदलली. बुधवारी इथे पोचलो.
२. गुरुवार ते शनिवार आईने शहर पाहिले.
३. तिने तीन ठिकाणी हळदकुंकू वाहिले. त्यांपैकी एकच देऊळ होते.
४. शनिवारी अजायबखान्यात तिने एका मृत मुलीची ओटी भरली.
५. तिथला पहारेकरी आपल्याकडच्या जवळा बाजारचा निघाला.
६. मी सर्व वेळ शांत होते.

तुमचा गुडघा आता कसा आहे? शेकताना फडके नीट पिळून घ्यावे. कुरुंद्याची हळद शिजवून झाली असेल आणि मामींच्या डोळ्यांना धुराचा त्रास झाला नसेल, असे धरून चालते.

बाबांची अट तुमच्यासमोरच ठरली होती. इथल्या जनाना दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीत मला मिळालेली जागा घ्यायची की नाही, हे आईने शहर पाहून सांगायचे. (पडद्यातल्या बायका पुरुषाकडून फोटो काढून घेत नाहीत, म्हणून त्यांना बाई हवी आहे.) "तुझी माय म्हणली तर राहा, न्हाई तर गुमान माघारी ये," हे बाबांचे शब्द. हजर व्हायची तारीख सोमवार, २१. तेव्हा आम्ही शहर पाहत हिंडलो असे दिसत असले तरी ती तपासणी होती, आणि तपासणारी बाई अशी, जिने आजवर पुसेगाव, कुरुंदा आणि हिंगोलीचा बाजार एवढेच जग पाहिलेले.

तुम्ही मला नांदेडच्या दवाखान्यात शिकायला घातलेत, तिथे नाडी मोजायला शिकले. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी घड्याळ लावून आईची नाडी मोजली. (तिला वाटले, मी तिचा हात धरून चालते आहे. तिला बरे वाटले. मी चूक दुरुस्त केली नाही.) चारमिनारखाली ९६. मान मागे टाकून ती दोन मिनिटे वर पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या उंचावरून गवंडी उतरला कसा गं?" मी वर पाहिले आणि घड्याळाकडे पाहायचे राहून गेले, त्यामुळे ९६ हा आकडा थोडा संशयास्पद समजावा. हुसेनसागरावर ८८. तिथे तिने चार अनोळखी माणसांना थांबवून विचारले, "एवढं पाणी कोण्या रानाला सोडत न्हाईत? काहून?" चौघांनीही अदबीने ऐकून घेतले. एकाने तर क्षमा मागितली.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने तिला एक्स-रेची खोली दाखवली. मागून उजेड सोडलेल्या काचेवर एका बाईच्या हाताचा फोटो लावलेला होता. हाडे पांढरी, पाटल्या त्याहून पांढऱ्या. किरण मांसातून पार होतात, हाडाशी अडतात, सोन्याशी त्याहून जास्त, असे मी समजावून सांगितले. आईने सगळे ऐकले आणि म्हणाली, "पाटल्या हाईत. म्हंजी सवाशीण हाय." मी अडवण्याआधी तुमची हळद चौकटीला लागलेली होती. डॉक्टरीणबाई हसल्या. मी चौकट पुसली. आई मात्र हलली नाही. "नर्मदे, तू माणसाच्या आतलं बघणार?" फक्त हाडे, असे मी सांगितले. "मंग बी लई झालं," म्हणाली, आणि चारमिनारकडे पाहत होती तशी माझ्याकडे पाहत राहिली. नाडी ११०. माझ्याकडे असे कोणी पाहिले की हात कुठे ठेवावे ते मला समजत नाही.

इथवर निकाल माझ्या बाजूने होता. शनिवारी मी स्वतःच तो घालवणार होते. बागेतल्या अजायबखान्यात काचेच्या पेटीत मिसर, म्हणजे इजिप्त देशातली एक मुलगी आहे, कापडात गुंडाळून जपलेली. मी पाटी वाचून दाखवली. (वाचली नसती तर चालले असते. पण पाटी असली की मी वाचते.) आईची नाडी ७२ वर उतरली.

"किती वर्सं झाली म्हणलीस?"

दोन हजारांच्या वर, मी म्हणाले.

"अन् कोणी न्यायला आलं न्हाई?" ती पेटीजवळ गेली. "मोठ्या घरची असंल गं. तरी बघ. परमुलखात ठेवली, काचेत. येणारा-जाणारा बघून राहिला, अन् जेवलीस का म्हणून इचारणारं कोणी न्हाई."

मला राहायला मिळणार त्या नर्सांच्या खोल्यांना काचेची तावदाने आहेत, हे मी आदल्याच दिवशी तिला कौतुकाने सांगितले होते. ते तिला आता आठवले, हे मला तिच्या मानेवरून कळले.

तिने गाठोडे सोडले. खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळदकुंकू, सगळे पेटीच्या पायथ्याशी मांडले. ओटी सवाशिणीची भरतात आणि हिच्या लग्नाची पाटीवर नोंद नाही, एवढे मी म्हणाले. "लेक परमुलखात हाय, एवढं पुरं हाय," हे तिचे उत्तर.

पहारेकरी धावत आला. "अम्मा, ये क्या कर रै? उचला, उचला, साहेब तकलीफ देईल!"

आईने उचलले नाही. "तू कुठला रे बाबा?"

"जवळा बाजार," तो म्हणाला, आणि तिथेच त्याचा अधिकार संपला. त्याचे नाव खाजा मिया. पाव तासात असे निघाले की त्याचा चाचा तुमच्याकडून हळद नेत असे. तुमच्या मिशांचीही त्याला आठवण आहे. आईने त्याला त्या मुलीबद्दल विचारले. तो हसला नाही. "रोज सकाळी कुलूप काढलं की पहिला सलाम हिला करतो, अम्मा. आठ वर्सं झाली. एकली न्हाई ती."

आईने डोळे पुसले. तांदूळ आणि खोबरे त्याच्या पदरी घातले. खण त्याने पेटीच्या मागे, साहेबाला दिसणार नाही असा ठेवला.

"मंग माझ्या ह्या पोरीकडं बी बघशील का?"

"बराबर बघतो."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "राहा." तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात माझी जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो माणूस दोन हजार वर्षांच्या मुलीची राखण करतो. त्याच्या कामात आजवर खोट निघालेली नाही. बाबांना निकाल कळवावा. मामींना नमस्कार.

आपली भाची,
नर्मदा

ता. क. कलम ६ मध्ये दुरुस्ती. "राहा" म्हणताना आईने माझे मनगट धरले. तिला मोजता येत नाही, तरी म्हणाली, "तुझी लईच पळून राहिली गं." नंतर मोजली, १०४ भरली. जिना चढल्यामुळे असेल. (ती पेटी तळमजल्यावर आहे.)

ता. क. दुसरा. तो खण माझा होता. मी कामावर हजर होताना माझी ओटी भरायला आईने घरून आणलेला. आता ती म्हणते, ओटी भरल्याबिगर शनिवारच्या परतीच्या गाडीत बसणार नाही. कृपया दुसरा खण पाठवावा. मात्र तो पाडव्याच्या आधी इथे पोचू नये. चारमिनारजवळ खणांची दुकाने ओळीने आहेत. त्या गल्लीतून मी आईला नेलेले नाही. गवंडी उतरला कसा, पाणी सोडत का नाहीत, हे सगळ्या शहराला विचारणाऱ्या आईनेही खण कुठे मिळतो हे अजून कोणाला विचारलेले नाही.

तुमचे पत्र मी तिला वाचून दाखवीन, तेव्हा त्यात 'खण पाठवतो, तोवर थांब' एवढेच लिहावे. शुक्रवार, १८ तारखेपर्यंत उत्तर यावे.