शनिवारी स्टेशनवर जाऊ नकोस

राजधानी, ऑक्टोबर १९१२

प्रिय लोविसा मावशी,

शनिवारी गव्हर्नरसाहेबांची प्रचाराची गाडी तुमच्या गावात थांबणार, म्हणून तू त्यांच्यासाठी सफरचंदाचा केक करणार आहेस, असं आईने कळवलंय. त्यांचं पत्र तू चौकटीत लावलंयस आणि चर्चमध्ये सगळ्यांना वाचून दाखवतेस, असंही.

मावशी, ते पत्र मी लिहिलं.

तुझ्या लेकाला, आजारी ऑरिनला, निदान शेवटचे दिवस तरी तुरुंगातून घरी पाठवा, हा तुझा अर्ज साहेबांच्या कचेरीत माझ्याच टेबलावर आला होता. न्यायाधीशाची शिफारस नसलेला अर्ज आमच्याकडे साहेबांपर्यंत जातच नाही, नुसता छापील नकार जातो. तुला तसला कागद पाठवायला माझा हात धजेना. म्हणून मी टाइप केलं, ‘तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मीही एक बाप आहे, पण कायद्यापुढे माझा इलाज नाही.’ खाली सहीचा शिक्का मारला. सेक्रेटरी हसून म्हणाले, "व्हर्ना, साहेबांना स्वतःला इतकं गोड जमलं नसतं." आणि मला बरं वाटलं.

छापील नकार मिळाला असता, तर तू चिडून न्यायाधीशाच्या दारात जाऊन बसली असतीस. मी तुला ओळखते. माझं पत्र वाचून तू गप्प बसलीस, आणि ऑरिन तुरुंगातच गेला.

शनिवारी तू साहेबांचा हात हातात घेऊन ऑरिनचं नाव घेशील. ते सगळ्यांनाच विचारतात तसं तुलाही विचारतील, "कसा आहे मुलगा?"

पाकिटावर तुझा पत्ताही घालू न शकलेली,
व्हर्ना