आज परसात काय आलं

रविवार, १२ सप्टेंबर

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप आहेस ना, असं लिहायला घेतलं की पेन अडतं. हे पत्र तुझ्या हातात पडलं तर तू सुखरूप आहेसच, आणि नाही पडलं तर विचारून काय उपयोग? तेव्हा तू बरी आहेस असं धरून पुढे लिहितो.

तुझी चिठ्ठी तुमच्या हॉस्पिटलातल्या भूलतज्ज्ञ बाईंनी परवा स्वतः घरी आणून दिली. फार वाळल्या आहेत गं. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच चहा प्यायल्या. समोरच्या दुकानदाराने शटर ओढलं तेव्हा कप हातातच हिंदकळला, आणि मग माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसल्या. त्या मंगळवारी परत निघतायत. पत्र द्या, नक्की पोचवीन म्हणाल्या, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

तू लिहिलंस की शहराबाहेर पडायचा रस्ता अखेर उघडला, तुझ्या नावाने गाडीत एक जागा होती आणि ती तू तुमच्या लॅबमधल्या माणसाला दिलीस, कारण त्याची बायको पोटुशी आहे. ‘आई बरी आहे, तुम्ही दोघं एकमेकांना आहात, मला कसली घाई?’ असं तू लिहिलं आहेस. आणि खाली तिरकं, जागा संपल्यावर घुसडलेलं : ‘मागच्या पत्रात आईची एक ओळही का नाही? रुसली आहे का?’

त्याचं उत्तर देतो. पण आधी परसातलं सांगतो, कारण तूच म्हणतेस ना, बातम्या आमच्या डोक्यावरच पडतायत, तुम्ही मला परसातलं लिहा.

साळुंक्यांचं बस्तान अजून भिंतीवरच्या त्या पत्र्याच्या खोक्यात आहे. लिफ्टच्या जुन्या मोटरचं झाकण ते. मी निवृत्त होताना ते भंगारात जाणार होतं, उचलून आणलं आणि आईने महिनाभर तोंडसुख घेतलं. आता त्यात रोज सकाळी भांडण असतं. लंगडा कावळा येतो, पाण्याच्या थाळीत कुठूनतरी आणलेला पाव बुडवतो आणि थाळी घाण करून जातो. चिमण्या कुंपणाशी मातीत अंघोळ करतात. शेजारच्या शिवणवाल्या बाईंची तक्रार चालूच आहे की खिडकीतले दोरे पळवतात. तक्रार करतात आणि दोऱ्यांचे तुकडे मुद्दाम खिडकीत ठेवतात. दयाळ आता गात नाही. त्याचा हंगाम संपला. दिसतो मधूनमधून, मुकाट.

ही पाखरं बघायची सवय मला कशी लागली ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तू तिकडे गेलीस आणि आपल्या घरात टीव्ही बंद होईनासा झाला. आईने जेवणाच्या टेबलावर तुझ्या शहराचा नकाशा पसरला. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई, तिला त्या बातम्यावाल्यांचा भारी राग. नदीच्या पश्चिम काठाला पूर्व म्हणतोय गाढव, असं टीव्हीला ओरडून सांगायची. कुठला पूल पडला, कुठे नाकं बसलं, पेन्सिलीने खूण. मला ते झेपेना. सगळा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात काढला मी. अडकलं तर उतरायचं आणि सोडवायचं, एवढंच येतं. इथे अडकलेलं समोर दिसतंय आणि हात पोचत नाही. म्हणून मागच्या दाराबाहेर एक बाक ठोकला आणि तिथे जाऊन बसायला लागलो. आई म्हणायची, ‘पळपुटे आहात.’ होतोच. नाही म्हणत नाही.

मग तो तुमच्या हॉस्पिटलवर बॉम्ब पडल्याचा दिवस आला. टीव्हीवर एकच धूर पुन्हा पुन्हा दाखवत होते. आईने इमारत ओळखली. ती नकाशाजवळून उठली, बाहेर आली आणि ‘आत बसवत नाही’ एवढंच म्हणून माझ्या शेजारी बसली. कुंपणाच्या झुडपात बुलबुलांचं घरटं चाललं होतं. मादी यायची, चोचीत काडी नाहीतर शिवणवाल्या बाईंचा गुलाबी दोरा, आत शिरायची, छातीने घरटं दाबून गोल करायची, निघून जायची. आई दर खेपेला हळूच म्हणायची, ‘आली.’ दुपारभर हेच चाललं. फोन आमच्या मध्ये बाकावर ठेवलेला. उन्हं उतरता उतरता तुझा निरोप आला, मी ठीक आहे, इतकाच. त्यानंतर तिकडचे फोन बंदच पडले.

आई आधी हसली. मग आत जाऊन ओट्याला धरून रडली. मी मागे गेलो तर म्हणाली, ‘मला आनंद झाला हो. तिथे इतकी माणसं गेली, आणि मला आनंद झाला.’ मलाही झाला होता.

त्या दिवसापासून ती सकाळी बाहेर येऊन बसायला लागली. आधी चहापुरती, मग जेवणाच्या वेळेपर्यंत. बुलबुलांची अंडी फुटली, पिलं झाली. दिवसभर त्यांची नुसती ये-जा. आईने मला पाखरांची नावं शिकवायला घेतली आणि माझ्या चुका काढायला लागली, म्हणजे तिला बरं वाटत होतं. त्या काळात तिला रात्री झोप लागायची. बबडे, ते दिवस चांगले होते. तू तिकडे होतीस, जगाची ती अवस्था होती आणि आमच्या परसात ते दिवस चांगले होते. हे लिहिताना चोरी केल्यासारखं वाटतं, पण खरं आहे.

पिलं घरट्याबाहेर आली त्याच सकाळी शिक्रा आला. कुठून आला कळलंही नाही, एक सावली पडली आणि कुंपणावरचं पिलू नाहीसं झालं. तो भिंतीवर बसून त्याला फाडायला लागला. बुलबुल दोन्ही जिवाच्या आकांताने ओरडत होते. मी दगड उचलला. आईने माझा हात धरून खाली बसवलं.

‘राहू द्या,’ म्हणाली. ‘निदान ह्याला भूक तरी लागलीय.’

तोवर तिचा रंग गेला होता. जेवण सुटलं होतं, पाठ दुखायची. मी म्हणत होतो की काळजीने होतंय. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. स्वादुपिंडात गाठ होती, पसरलेली. डॉक्टर भला माणूस, त्याने गोड बोलून वेळ काढला नाही. घरी आल्यावर आई चपलाही न काढता सरळ घरातून मागे गेली आणि बाकावर बसली. मी म्हटलं, बबडीला कळवतो.

‘नाही कळवायचं.’

मी म्हटलं, ती नर्स आहे, तिला हे कळायला हवं, नंतर आपल्याला माफ करणार नाही.

‘नर्स आहे म्हणूनच. तिला एका ओळीत सगळं कळेल आणि ती निघेल. आणि तो रस्ता मला पाठ आहे हो. पुलापाशी काय होतं ते तुम्ही बघितलं नाही, मी बघितलंय. रस्ता उघडू दे. तोवर मी थांबते.’

मी भांडलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, एवढा मूर्खपणा केला. शेवटी हो म्हटलं. मग मी तुला साळुंक्यांची पत्रं लिहून मिळेल त्याच्या हाती धाडत राहिलो आणि ती खाली एक ओळ लिहायची, ‘वेळेवर जेव’, ‘केस कापलेस ते छान केलंस.’ शेवटच्या त्या दोन ओळींचं अक्षर तुला वाकडं वाटलं असेल. तू विचारलं नाहीस.

थांबते म्हणाली, पण नाही थांबता आलं गं तिला.

ती गेली, बबडे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, घरीच. मामा होता, शिवणवाल्या बाई होत्या. रस्ता त्यानंतर उघडला.

इथे मघाशी पेन ठेवलं होतं. बाहेर जाऊन आलो. आता जे तू विचारशील ते सांगतो, म्हणजे तुला मनाने रचत बसावं लागणार नाही.

दुखणं होतं, पण डॉक्टर रोज येऊन सुई देत होता. शेवटी शेवटी फार ओरडली नाही. पलंग आम्ही मागच्या खिडकीशी हलवला होता. टीव्ही तिने स्वतःच बंद करायला सांगितला. म्हणाली, आता त्यातलं काही माझ्याने बदलत नाही. नजर मंद झाली तशी मला विचारायची, ‘आज परसात काय आलं?’ मी बाकावर बसून खिडकीतून सांगायचो. एके दिवशी काहीच आलं नव्हतं, कावळासुद्धा नाही. मी म्हटलं, खंड्या आलाय, निळाशार, थाळीवर बसलाय. ती डोळे मिटूनच म्हणाली, ‘थाळीत मासे कधी सोडलेत?’ मला हसू आलं आणि हसता हसता रडू. तिला ते ऐकू गेलं असणार. तिने नुसता हात खिडकीकडे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मी पाणी आणायला आत गेलो होतो. तेवढ्यात. तुझं नाव घेऊन गेली, असं काही मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. आदल्या संध्याकाळी मात्र विचारत होती, तिकडे आता किती वाजले असतील.

आणि मागचं पत्र, ते साळुंक्यांच्या भांडणाचं लांबलचक पत्र, मी तुला ती गेल्यानंतर लिहिलं. तेव्हाही लिहवलं नाही. रस्ता अजून बंद होता, मी तिला शब्द दिला होता, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे कागदावर लिहिलं की ते झालंच असं होणार होतं.

लोक म्हणतात, तुम्हाला ही पाखरांची सवय आहे ते बरं आहे, मन शांत राहत असेल. राहतं, बघत असतो तेवढा वेळ. दयाळ थाळीपाशी उतरतो, शेपटी उभी करतो, पाणी पितो, तोवर माझ्या डोक्यात कुणीच मरत नाही. तो उडाला की सगळं परत जिथल्या तिथे. एवढंच मिळतं. आधी वाटायचं की हे पुरेल. नाही पुरत, पण सोडवतही नाही.

गेल्या आठवड्यापासून मी टीव्ही पुन्हा लावायला लागलो. तुझ्या बाजूचं बघणारं दुसरं कोणी उरलं नाही. नकाशातलं मला काही समजत नाही. तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यातल्या कुठल्या गोलाचा अर्थ काय तेही ठाऊक नाही. तुझं हॉस्पिटल मात्र सापडतं, तिथे कागद घासून पातळ झालाय.

आता तुझं. तू गाडीतली जागा दिलीस ती आई बरी आहे असं समजून. ते समजणं मी तुला दिलं होतं, म्हणून हे आज लिहिणं भाग होतं. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात आणखी एक गाडी निघेल, निघाली तर. त्यांना मी हे सांगितलेलं नाही. घरात शिरल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि ‘ताई कुठे’ असं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी कप उचलून आत गेलो.

तू ये, असं मी लिहिणार नाही. त्या रस्त्याची तिला जेवढी भीती होती, तेवढीच आता मला आहे. तू तिथेच राहा असंही लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. मला तू इथे हवी आहेस. सकाळी उठल्यापासून हवी आहेस. पण ज्यांच्या पोटाला तुम्ही टाके घालता तेही कुणाची तरी वाट बघत असतील, हे मला कळतं, आणि तुला तर माझ्याहून जास्त.

आई गेली ह्यात तुझा काही दोष नाही. तुझ्या काळजीने तिला हे दुखणं झालं नाही. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, कारण तू मला विचारणार हे ठाऊक होतं. तुझ्यापासून लपवायचं तिने ठरवलं आणि मी पाळलं. राग येईल तो माझ्यावर काढ. तिच्यावर नको.

हे पत्र कामावर असताना वाचत असशील तर घडी घालून ठेव, हातातलं काम संपव. मग कुठेतरी दार लावून बसायला मिळालं तर बस. आधी पोटभर रडून घे. यायचं की राहायचं ते नंतर ठरव, आणि जे ठरवशील ते मला एका ओळीत कळव, कसंही.

तुझा,
बाबा