दुसऱ्या काउंटरवरची योलाना

३ मार्च, सोमवार.
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्यांनी टिपून ठेवलेलं बरं. रोमा, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात त्या बायकांना नोकऱ्या मिळवून देण्याचं काम लेबर ऑफिसनं माझ्या गळ्यात घातलंय, कारण अख्ख्या ऑफिसात भेदभाव न मानणारा मी एकटाच. बाकीच्यांना अंग काढून घ्यायला तेवढंच निमित्त.

४ मार्च.
पहिली उमेदवार योलाना. मंडईत भाजी विकायची. हिशेब तोंडी, स्वभाव उद्धट. म्हटलं, बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर लावून देतो. तर म्हणे, "भट्टी नको, साहेब. भट्टीवर आमच्या बायका आधीपासून आहेतच. त्यांनी भाजलेलं सगळं गाव खातं, कारण कुणी भाजलं ते दिसत नाही. मला काउंटर द्या."
उपकाराची जाण म्हणून नाही.

७ मार्च, शुक्रवार.
बेकरीवाल्या हुदाकोव्हाबाईंशी सकाळभर घासाघीस. बाई म्हणजे आंबलेलं पीठ. गिऱ्हाईक पळेल, गल्ल्यावर लक्ष कोण ठेवणार, वगैरे. शेवटी माझ्या बोलण्यापुढे नमल्या (अर्धा पगार ऑफिस देणार, हेही होतं). एक आठवडा दुसरा काउंटर योलानाचा. गिऱ्हाईक आलं तर नोकरी कायम, नाही तर घरी.
मी तिथल्या तिथे शब्द दिला की आमचं ऑफिस रोज सकाळी योलानाकडूनच पाव घेईल, आणि पहिला मी. "नक्की ना, साहेब?" तिनं विचारलं. अशा संशयी स्वभावामुळेच या लोकांचं नुकसान होतं.

१० मार्च, सोमवार.
उघडताक्षणी जाणार होतो. डोळा लागला. ऑफिसात सगळ्यांना फर्मावलं. एकाला गहू सोसत नाही, एक घरून डबा आणतो, डायरेक्टर नुसते हसले. ढोंगी लेकाचे.

११ मार्च.
पाऊस. छत्री ऑफिसात.

१२ मार्च.
गेलो. रस्त्यापलीकडून पाहणी केली. पहिल्या काउंटरची रांग दाराबाहेर, आणि योलाना आपल्या काउंटरची स्वच्छ काच पुन्हा पुसतेय. लोकांची मनोवृत्ती बघून असा संताप आला की आत जाववेना.

१३ मार्च.
वजन वाढलंय. पाव बंद. उद्यापासून पुन्हा सुरू, तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ मार्च, शुक्रवार.
आज आत गेलो. रांगेत नेमके सगळे ओळखीचे. शाळेचे हेडमास्तर, पाद्री, डॉक्टरीणबाई. भेटल्यावर माणसानं दोन शब्द बोलायला नकोत? बोलता बोलता रांग पुढे सरकली आणि तिच्याबरोबर मीही. यात माझा काय दोष?
योलानानं हाक मारली. "साहेब, इकडे कुणी नाही. या."
रांगेतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मोबाइल वाजल्यासारखा वाटला, म्हणून मी तो बघत राहिलो. बराच वेळ बघितला.
हुदाकोव्हाबाईंनी पावाची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि मागे न वळता योलानाला म्हणाल्या, "एप्रन काढ, बाई. तुझा माणूससुद्धा माझ्याच रांगेत उभा राहिला."
तिनं एप्रन काढला, घडी करून काउंटरवर ठेवला. जाताना माझ्याकडे बघेल म्हणून मी चेहरा तयार ठेवला होता. बघितलं नाही.
घरी बायकोनं पिशवी उघडण्याआधी विचारलं, पाव त्या बाईच्या हातचा नाही ना?
नाही म्हटलं. मग आम्ही नाश्ता केला.