भावासाठी चंद्र नाही

मांडवगण फराटा, ता. शिरूर
आश्विन वद्य तृतीया, ९ ऑक्टोबर २०२५

श्री. जयसिंगराव यांस,
स. न. वि. वि.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घातलेली नाही, ती विसर पडून नव्हे. आपली आक्का, माझी मुक्ता, ज्येष्ठात गेली. तिचे वर्षश्राद्ध होईपर्यंत या घरातून निघणाऱ्या कागदाच्या माथ्यावर ते अक्षर उमटणार नाही, असे मी ठरविले आहे. त्याच न्यायाने यंदा येथे आकाशकंदील लागणार नाही, कढई चढणार नाही, आणि भाऊबीजही होणार नाही. आपण दरवर्षीप्रमाणे येऊ नये, हे वेळेवर कळविणे माझे कर्तव्य आहे. अनितालाही यंदा माहेरी न येता सणसवाडीस तिच्या घरीच राहण्यास सांगितले आहे.

राग मानू नये. शांतपणे पाहिले तर या सणाचा प्रत्येक दिवस एखाद्या बाईच्या हातावर उभा असतो. वसुबारसेला गाय-वासरू पुजणारी ती, चतुर्दशीच्या पहाटे उटणे लावणारी ती, पाडव्याला नवऱ्याला आणि बीजेला भावाला ओवाळणारीही तीच. पुरुषाने पाटावर बसावे आणि तबकात काही घालावे, एवढाच त्याचा वाटा. बसणारे आपण दोघे उरलो, ओवाळणारी गेली. आता दिवे लावून उजेड कोणावर पाडायचा?

धनत्रयोदशीच्या दिव्याविषयी तर न बोललेलेच बरे. एरवी दिव्याचे तोंड कोणी दक्षिणेला करीत नाही. त्या एका संध्याकाळी करतात, यमासाठी, घरावरचे अकाली मरण टळावे म्हणून. मुक्ता कणकेचा दिवा करून फाटकाबाहेर ठेवी आणि माझे, अनिताचे, जावयांचे, आपले, सविताबाईंचे अशी नावे घेई. स्वतःचे नाव घेण्याची रीत नसते. यम हिशेबाचा पक्का निघाला. ज्या एका माणसाचे नाव कोणी घेतले नव्हते, तेच त्याने नेले.

सविताबाईंस नमस्कार सांगावा. आपल्या लोभात उणे येऊ देऊ नये, एवढे मागणे.

आपला,
हौसराव


नानगाव, ता. दौंड
१२ ऑक्टोबर, रविवार

तीर्थस्वरूप दाजींना,
जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हनुमंतानं दुधाच्या टेम्पोतनं आणून दिलं. म्हनला, ह्या काळात पत्र म्हंजी कोर्टाची नोटीसच असंल, आदी देवाचं नाव घ्या आन् मग फोडा. वाचल्यावर वाटलं, नोटीस बरी. दाजी, तुमचा फोन वाजतोय पन तुम्ही उचलत न्हाई, म्हनून मीबी कागद घेऊन बसलोय. माझं अक्षर बघून आक्का म्हनायची, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचलीय. तवा संभाळून वाचा.

हिकडं झेंडूची वाट लागली. भादव्यातल्या पावसानं निम्मा प्लॉट कुजला. राहिलाय त्याला बरी फुलं हायेत, दिवाळीला निघतील. सविता चकल्या करतीया. दरसाल मऊ पडत्यात आन् दरसाल आक्का इचारायची, वैनी, चकली हाय का शेवग्याची शेंग? औंदा सविता तळता तळता मधीच थांबतीया, कुनी काय म्हनंल म्हनून कान दिऊन.

तुम्ही कढई चढवू नका. चढवायचीच न्हाई, बरोबर हाय. पन दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाचं गोड माहेरानं न्यायचं आसतं, ही आमची रीत तुम्हाला ठाव हाय. ती मोडायचा हक तुम्हाला न्हाई, तो आमचा हाय.

आनिकेक इचारतो. तुम्ही बी.ए. झालेलं, पोथ्या वाचलेलं. बाईला भाऊ नसला तर तिच्यासाठी चांदोबा हाय, त्याला ओवाळती. आपली अनिता ल्हानपनापास्नं तेच करतीया. मग गड्याला बहीन नसली तर त्याच्यासाठी कोन हाय वो? मला एकच बहीन होती.

तुमच्या मायेतला, तिथंच ऱ्हाऊ द्या,
जयसिंग


मांडवगण फराटा
१५ ऑक्टोबर २०२५

श्री. जयसिंगराव यांस,
स. न. वि. वि.

आपल्या प्रश्नाची मी हेळसांड केली नाही. घरातील पंचांगे आणि व्रतांची पुस्तके काढून दोन दिवस पाहिली. कथा आपणांस ठाऊक आहेच. यम त्या दिवशी बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला जातो. ती त्याला न्हाऊ घालते, ओवाळते, आणि तेवढा दिवस तो कोणाच्या दारी जात नाही. म्हणून ती यमद्वितीया. वाचताना मनात आले, ज्येष्ठातही त्याला कोणी बहिणीने जेवायला बोलावले असते तर बरे झाले असते.

भाऊ नसलेल्या बहिणीने चंद्राला ओवाळावे, अशी सोय परंपरेने केलेली आहे. उलट बाजूची सोय मला कोठेही आढळली नाही. भावासाठी चंद्र नाही. तेव्हा प्रश्न मिटला, असे मी समजतो.

आपण फराळ हनुमंताबरोबर पाठवावा. तो मी नाकारणार नाही, रीत राहील. पण स्वतः येऊ नये. कारण विचाराल तर ते पुस्तकातले नाही. आपण पाटावर बसाल, टोपी सारखी कराल, आणि समोर कोणीही उभे राहणार नाही. ते मला पाहवणार नाही. याहून अधिक लिहिणे मला जमत नाही.

आपला लोभ दुरूनही पुरेसा आहे, असे मानावे.

आपला,
हौसराव


नानगाव
१९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दाजींना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. येत न्हाई आसं ठरवून सविताला सांगूनबी टाकलं हुतं. पन काल एक घोटाळा झाला.

फुलं घालाया दौंडला गेलो हुतो. फुलं देऊन पाय आपसूक त्या साडीवाल्याकडं वळलं, दरसालासारखं. त्यानं पाच-सात साड्या पुढ्यात टाकल्या. मी चिंतामणी रंगाची काढली, बारीक बुट्ट्याची. आक्काचा रंग. काठ बघितला, पदर बघितला, जरा घासाघीसबी केली. त्यानं घडी घालून पिशवीत भरली आन् म्हनला, आक्कांना नमस्कार सांगा.

तवा ध्यानात आलं.

परत द्यायची हुती दाजी. पन पिशवी धरून तिथंच बाकड्यावर बसलो. त्याला वाटलं मला चक्कर आली, त्यानं पानी दिलं. पिशवी घिऊन घरी आलो. सविता म्हनली मी न्हाई नेसायची, ओवाळणीची साडी दुसऱ्याच्या अंगावर जात न्हाई. कपाटातबी ठिवू देईना. ती पिशवी आता खुंटीला हाय आन् घरातलं सगळं तिच्याकडं न बघता फिरत्यात.

तिची जागा तबकातच हाय. मी येतोय. दार लावून घ्यायचं असंल तर घ्या, मी ओट्यावर बसून ऱ्हाईन.

राग धरलात तरी माया सोडू नका,
जयसिंग


॥ श्री ॥

मांडवगण फराटा
कार्तिक शुद्ध तृतीया, २४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अनिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी खुशाली जावयांच्या फोनवरून कळली. तुला यंदा माहेरी येऊ दिले नाही, याबद्दल तू तक्रार केली नाहीस. तक्रार न करण्यात तू तुझ्या आईवर गेली आहेस. काल येथे काय घडले ते तुला कळविणे आवश्यक वाटते, म्हणून लिहितो.

त्रयोदशीचा दिवा मी लावला नाही. तेथवर माझे मन आलेले नाही. पाडवाही तसाच गेला. काल दुपारी तुझे जयसिंगमामा आले. त्यांनी हाक मारली नाही की कडी वाजविली नाही. मांडीवर पिशवी घेऊन ओट्यावर बसून राहिले. मी खिडकीतून पाहत होतो. ऊन त्यांच्या पायांवरून सरकून भिंतीवर गेले तेव्हा मी दार उघडले आणि म्हणालो की माझे म्हणणे मी पत्रात स्पष्ट लिहिले होते. ते म्हणाले, व्हय, लई चांगलं लिवलंय, दोनदा वाचलं. आणि आत आले.

फराळाचा डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. चकल्या मऊ होत्या. टोमणा मारणारे कोणी नव्हते, म्हणून तो मी मारला. मामा हसले, आणि हसता हसता तोंड फिरवून बसले.

मग त्यांनी दाराआडचा पाट काढला. तो तेथे असतो हे मला ठाऊक नव्हते. पूर्वेकडे तोंड करून ते बसले, टोपी सारखी केली, पिशवी शेजारी ठेवली, आणि समोर पाहू लागले. समोर भिंत होती. मी ज्याला भीत होतो ते हेच. मला वाटले होते की असे झाल्यावर मी घराबाहेर निघून जाईन. पण बाई, तेथे कोणीतरी उभे राहणे भाग होते, आणि घरात दुसरे कोणी नव्हते.

तबक मीच भरले. वाती कोठल्या घ्यायच्या ते कळेना. मी लांब वात घातली तर मामांनी पाटावरूनच सांगितले की ती समईची, निरांजनाला फुलवात लागती. सुपारी सापडली, अंगठी माझीच काढली. टिळा वाकडा लागला. आणि ओवाळू लागलो तर हात उलटा फिरला. मी आयुष्यभर ओवाळणे समोरच्या बाजूने, पाटावर बसूनच पाहिलेले. तुझ्या आईच्या बाजूने ते कसे दिसते, हे मला काल प्रथम समजले. मामांनी एका बोटाने दिशा दाखवली. पुढे मला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही, ज्योतच काय ती दिसत होती.

त्यांनी साडी तबकात ठेवली. तबक इतके जड असते, याची मला कल्पना नव्हती. ते दोन्ही हातांनी धरून मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

या कृत्यास शास्त्राधार नाही. मी शोधला होता.

मामा निघाले तेव्हा पश्चिमेला बीजेची कोर अगदी खाली आली होती. त्यांनी ती मला दाखवली आणि म्हणाले, अनितानं आता तिकडं ताट घेतलं असंल. आम्ही दोघे ती बुडेपर्यंत फाटकाशी उभे होतो.

साडी अद्याप तबकातच आहे. ती ठेवायची तर तुझ्या आईचे कपाट उघडावे लागेल, आणि ज्येष्ठापासून ते मी उघडलेले नाही. काल मामांच्या देखतही जमले नाही. तू सवडीने ये. येताना आधी कळविण्याची गरज नाही. कपाट तू उघड, मी शेजारी उभा राहीन.

जावयांस आशीर्वाद. वडिलांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आबा