पहिल्या फटक्याचा मान

२ मार्च १९५८, रविवार
आजपासून रोजनिशी. या गावात माझ्या तोलाचे बोलायला माणूस नाही, म्हणून स्वतःशीच.

बातमी वाईट आहे. मेअखेर आम्हा तलाठ्यांच्या बदल्या निघणार आणि आंबोलीचा सजा रिकामा आहे. तिथला तलाठी दोन पावसाळ्यांत खोकून खोकून अर्धा झाला. जानकीला चौथा महिना. लग्नानंतर नऊ वर्षांनी हे दिवस दिसताहेत. इथे काशीबाई सुईण आहे, तिच्या हाताला यश आहे. वर घाटात, भर ऑगस्टात, कोण आहे? मला भीती वाटते. जानकीला सांगितलेले नाही.

प्लॅन मात्र तयार आहे. प्रांतसाहेब कॉलेजात हॉकी खेळायचे. आणि भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात मोठ्या माणसांची हॉकी लीग गेल्या वर्षी कोणी सुरू केली? मी. फायनलला साहेबांना बोलवायचे, व्यवस्था दाखवायची, की बदली आपोआप रद्द.

३ मार्च
गेल्या वर्षी लीगमध्ये एकच उणीव होती. नियम नव्हते. त्यामुळे शेवटच्या मॅचला गोल कमी आणि डोक्याला टाके जास्त पडले. यंदा नियमावली. रोज पहाटे पाचला उठून लिहायची.

४ मार्च, सकाळी सव्वासात
डास होते. उद्यापासून.

८ मार्च, शनिवार
ड्राफ्ट पूर्ण. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. काठी माडाच्या पिड्याची, म्हणजे झावळीच्या जाड दांड्याची, ज्याची त्याने तासायची. बॉल रबरी, वेंगुर्ल्याच्या बाजारातला. काठी खांद्याच्या वर न्यायची नाही. पायावर मारायचे नाही. शिवी दिली तर दोन मिनिटे बाहेर, माडाखाली बसायचे. खेळाडू पंचविशीच्या पुढचा हवा. पिऊन मैदानात यायचे नाही. सतरावा नियम मला सगळ्यांत आवडतो: अंपायरचा निर्णय अखेरचा.

अंपायर मी.

९ मार्च, रविवार
देवळात मीटिंग. वरच्या वाडीचे विश्रामतात्या आणि खालच्या वाडीचे धोंडूआबा एकमेकांकडे पाठ करून बसले होते. दोघेही सत्तरीला टेकलेले, दोघेही मानकरी. देवळात पहिला नारळ कोणाचा यावरून त्यांचे कोर्टात चालू आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून.

शिवीचा नियम वाचल्यावर शिवा कोतवाल म्हणाला, भाऊनू, मगे मैदानात तुमी एकटेच रवतलात. दारूच्या नियमावर धोंडूआबांनी विचारले की राज्यात दारूबंदी आसा आणि तुमी कागदार लिवतास की गावात लोक पितत, ह्यो कागद प्रांताक दाखवतलास काय? तो नियम काढला. माडाखाली बसायला कोणीच तयार नाही, नारळ डोक्यात पडतात म्हणे. तोही काढला. बाकी सर्व एकमताने मंजूर. मीटिंग फारच यशस्वी झाली.

१६ मार्च, रविवार
शिमगा आटोपला. लीग सुरू. संघ चार: वरची वाडी, खालची वाडी, बंदर आणि बाजार.

पहिल्या मॅचला मी शिटी तोंडात घेतली तेवढ्यात विश्रामतात्या धुतलेले धोतर, डोक्याला पागोटे अशा थाटात मध्यभागी आले. बॉलला एक फटका मारला. नमस्कार केला आणि निघून गेले. विचारले तर म्हणाले, पयलो फटको आमचो मान. मला आठवले. गेल्या वर्षी ते आपले हरवलेले वासरू शोधत मळ्यात आले होते, समोर उभे होते, म्हणून मीच म्हटले की तात्या, तुम्ही मारा. आता तो मान झाला. गेल्या वर्सा माझो, यंदा माझो, फुडे माझ्या झिलाचो, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले.

मला बरेच वाटले. खेळ मातीत रुजतोय.

१८ मार्च
धोंडूआबा सकाळीच दारात. मळा त्यांचा. जमीन ज्याची, मान त्याचा, असे त्यांचे म्हणणे. माझ्या जमनीत दुसरो कोण पयलो फटको मारता आणि माका कोण इचारना नाय, असे आबा म्हणाले. मी म्हटले, आबा, तुमचे बरोबर आहे.

१९ मार्च
विश्रामतात्या आले. आबांचे बरोबर आहे असे मी म्हणालो ते खरे काय, असे त्यांनी विचारले. त्यांना म्हटले, तात्या, तुमचेही बरोबर आहे. दोघेही शांत होऊन गेले. जानकीने विचारले की दोघांचाय बरोबर कसा आसात? तिला ॲडमिनिस्ट्रेशन कळत नाही.

२३ मार्च, रविवार
मैदानाच्या मधोमध धोंडूआबांनी दोन रेडे बांधले. मॅच रद्द. पाचला उठण्याचा निश्चय तात्पुरता स्थगित, डोके चढले आहे.

२९ मार्च
प्रांतसाहेबांचे पत्र. फिरतीवर येत आहेत, वीस एप्रिलची फायनल अवश्य बघू, सोबत बाईसाहेबही असतील. पत्र तीनदा वाचले. मैदानात अजून रेडे आहेत.

जानकीला आज बदलीचे सांगितले. तांदूळ निवडत होती ते निवडतच राहिली. मग म्हणाली, माका थंय जावचा नाय. तिला म्हटले, तू निर्धास्त रहा, नियमावली माझ्या हातात आहे.

१ एप्रिल
बंदर आणि बाजार हे दोन्ही संघ कंटाळून आपापल्या धंद्याला गेले. त्यामुळे फायनल आपोआप ठरली: वरची विरुद्ध खालची. लीग वेळेच्या आधी पूर्ण होत आली. साहेबांना हे सांगायला हवे.

४ एप्रिल, दुपारी तीन
सापडले. जेवताना सापडले, घास तसाच ठेवून उठलो.

हॉकी सुरूच कशी होते? बुलीने. दोन माणसे समोरासमोर, मध्ये बॉल. काठी जमिनीला, मग काठीला काठी, असे तीन वेळा, आणि मग दोघांचा एकदम फटका. एकदम! म्हणजे मान दोघांचा. हॉकी शोधणाऱ्याने आमच्या गावचा तंटा डोळ्यापुढे ठेवूनच ती शोधली असावी. नियम अठरा लिहिला: बुली विश्रामतात्या व धोंडूआबा करतील, नंतर खेळाडू खेळतील.

६ एप्रिल
दोघेही कबूल. रेडे सुटले. फक्त एक प्रश्न: पूर्वेला तोंड करून कोण उभा राहणार? नियम अठरा (अ): गोल उत्तर-दक्षिण फिरवावेत, कोणाचेच तोंड पूर्वेला नको.

९ एप्रिल
मैदानात आधी पाय कोणाचा? अठरा (ब): बांधाला दोन वाटा पाडाव्यात, अंपायरच्या शिटीवर दोघांनी एकदम शिरावे. शिवा कोतवाल बांध फोडताना काहीतरी पुटपुटत होता. कामाचा उत्साह असेल.

१३ एप्रिल, रविवार
रंगीत तालीम. दोघांचे बोलणे नसल्याने एकत्र तालीम शक्य नाही. तात्यांची सकाळी घेतली, आबांची संध्याकाळी, समोर दोन्ही वेळा शिवा. दोन्ही बुल्या निर्दोष. शिवाच्या नडगीला लागले आहे, ते किरकोळ.

झोप मात्र येत नाही. डोळे मिटले की आंबोलीचे धुके दिसते.

२० एप्रिल, रविवार, सकाळी साडेपाच
पाचला उठलो. बघा, मनात आणले की होते. आज सगळे ठरणार. जानकीने ओवाळले. तिला म्हटले, संध्याकाळी येईन तो बदली रद्द करूनच.

त्याच दिवशी, संध्याकाळी
क्रमाने लिहितो.

जीप चारला आली. साहेब आणि बाईसाहेब मांडवाखाली बसले. शहाळी दिली. दोन्ही वाड्या बांधावर, एका बाजूला तात्यांची, दुसऱ्या बाजूला आबांची. मी शिटी फुंकली. दोघे दोन वाटांनी एकदम शिरले. माझे हृदय इतके धडधडत होते की शिटी गळ्यात हलत होती.

दोघे समोरासमोर. चाळीस वर्षांत प्रथमच एकमेकांकडे बघत होते. जमीन, काठी. जमीन, काठी. जमीन, काठी. फटका.

बॉल सरकला. आणि दोन्ही बांधांवरून एकच आरोळी उठली: आमचो पयलो!

साहेबांनी हात वर करून मला खूण केली, की अंपायर, निर्णय द्या. मी म्हटले, पुन्हा घ्या. पुन्हा घेतली. पुन्हा तेच. मग पुन्हा. बुलीवर बुली होत राहिली. सूर्य माडांच्या शेंड्यांना आला. तात्यांना दम लागला होता, आबा काठीवर रेलले होते, पण हटत कोणी नव्हते. बावीस खेळाडू काठ्या टेकून बसले, दोघे झोपले. बाईसाहेबांनी घड्याळ बघितले. साहेबांनी पुन्हा विचारले, या वेळी जरा मोठ्याने: कोणाचा फटका पहिला?

वरची वाडी माझ्याकडे बघत होती. खालची वाडी माझ्याकडे बघत होती. तात्यांचे म्हटले तर आबा गेले, आबांचे म्हटले तर तात्या. अंपायरचा निर्णय अखेरचा, हे मीच लिहिलेले. तेवढ्यात खाडीकडून वारा आला आणि मला सुचले. शिटी मारून मी जाहीर केले की दोघांचाही फटका बॉलला लागलेला नाही, बॉल वाऱ्याने सरकला.

मग तात्या आबांना म्हणाले, आयकलंस काय रे धोंडू? आबा म्हणाले, आयकलंय. आमचो मान ह्येणी वाऱ्याक दिलो. दोघांनी काठ्या टाकल्या आणि एकाच वाटेने बाहेर पडले. आधी कोण, हे त्या गडबडीत कोणी बघितलेदेखील नाही. मागोमाग दोन्ही वाड्या गेल्या.

साहेब हसत होते. बाईसाहेब तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणजे मनोरंजन झाले. मुख्य हेतू साध्य.

२३ एप्रिल
गावात कोणी माझ्याशी बोलत नाही. तात्या आणि आबा मात्र रोज देवळाच्या पायरीवर एकत्र बसलेले दिसतात. तंटा मिटला. कोणी मिटवला हे त्यांना हळूहळू समजेल.

२७ एप्रिल, रविवार
दोघे मिळून घरी आले. जानकीने चहा ठेवला. प्रांतांना अर्ज करायचा आहे, आणि तुमचा अक्षर बरा आसा, लिवन देवा, असे म्हणाले. विषय विचारला. विषय: आमच्या तलाठ्याची बदली करण्याबाबत.

आबांनी समजावून सांगितले. तुमी वायट नाय, भाऊनू. पण आमचो तंटो चाळीस वर्सां सुरळीत चल्ललो, तुमी येवन बिघडवल्यात. तात्यांनी मान हलवली. म्हणाले, आता खंय भांडाचा?

मी आधी नाही म्हणणार होतो. पण अडचण खरी होती: अर्जात आधी नाव कोणाचे? त्यावर दोघे पुन्हा ताठ होऊ लागले. मग मला राहवेना. दोन अर्ज लिहिले, शब्द न शब्द तोच, एकात तात्यांचे नाव वर, दुसऱ्यात आबांचे. दोघांचेही समाधान झाले. माझा पहिला निर्णय, ज्यावर दोन्ही वाड्यांत एकही हरकत नाही.

जानकी चूल सोडून बाहेर आली आणि तिने विचारले की तुमी काय लिवल्यात ता तुमका तरी कळला काय? मी तिला समजावले. असा मुद्देसूद अर्ज वाचल्यावर साहेब म्हणतील की हा लिहिणारा माणूस घालवायचा कशाला? ती आत गेली. भांडी जरा जास्तच वाजत होती.

१० मे
साहेबांनी बोलावले. टेबलावर दोन्ही अर्ज. साहेब म्हणाले, मसुदा फर्स्ट क्लास आहे, कोणाचा? छाती भरून आली. मी म्हणालो, माझाच, साहेब. साहेबांनी दोन्ही पुन्हा वाचले आणि म्हणाले की असाच माणूस हवा होता, आंबोलीचे दप्तर सगळे विस्कटले आहे, तिथे लिहिता येणारे कोणी नाही.

बाहेर येऊन पायरीवर बसलो.

३० मे
ऑर्डर आली. हजर व्हायला आठ दिवस. जानकीसमोर रडू आले, लपवले नाही. तिने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तुमी जावन येवा, मी हंयच रवतंय. कोणाच्या भरवशावर, मी विचारले. तिने परस्पर ठरवले होते. तात्या म्हणाले होते की बदली तेची, तिची नाय. आबा म्हणाले होते की ती आता गावची लेक, गावात रवांदे. काशीबाईने दोन घरे पलीकडे बिऱ्हाड हलवलेसुद्धा.

म्हणजे गावाला मी नको आहे, बाकी आमचे सगळे हवे आहे.

१ जून, रविवार
ट्रंक भरली. दोन घोंगड्या.

बाळंतपण तात्यांच्या घरी व्हायचे की आबांच्या, यावरून कालपासून गावात पेटले आहे. दोघांचे बोलणे पुन्हा बंद. माणसे टवटवीत दिसताहेत. आज संध्याकाळी देवळात त्यावर मीटिंग आहे. जानकीला बोलावले आहे, काशीबाईला बोलावले आहे, शिवा कोतवालालाही. मी दुपारी बसून या विषयावर पाच नियम लिहून काढले, अगदी सोपे, दोन्ही घरांना मान्य होतील असे. शिवाजवळ निरोप पाठवला की मी हजर राहू शकतो.

तो परत येऊन म्हणाला की जागा नाय.